वड नसलेलं झाड

बाई, मागच्या रविवारी सकाळी मी तुमच्या झाडाखाली उभा राहून बोललो. तुमच्या म्हणजे डोंबिवलीतल्या आपल्या कॉलनीच्या फाटकाजवळच्या त्याच झाडाखाली, जिथे तुम्ही दर वटपौर्णिमेला सुताचं रीळ घेऊन यायचात. तुम्ही जाऊन किती वर्षं लोटली, झाड आहे तिथेच आहे. पारंब्या आता कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्यावर लोंबतात आणि रिक्षावाले सावलीसाठी तिथेच रांग लावतात. मी जे बोललो त्यातलं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं तुम्हाला पसंत पडलं असतं. त्या एका वाक्यासाठी हे लिहितोय. पण तिथे थेट उडी मारता येणार नाही, मागून यावं लागेल. फळ दाखवायच्या आधी फांदी दाखव, असं तुम्हीच वर्गात म्हणायचात.

तेव्हाचं चित्र असं. मी नववीत आहे. तुम्ही आम्हाला जीवशास्त्र शिकवता आणि आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहता, त्यामुळे सुट्टीतही तुमच्यापासून सुटका नाही. वटपौर्णिमेची सकाळ. जरीकाठी साडी, नाकात नथ, हातात रीळ, आणि कॉलनीतल्या बाकीच्या बायकांबरोबर तुम्ही झाडाला फेऱ्या मारताय. मी आदल्या आठवड्यात तुमच्याकडून आणलेल्या पुस्तकात वडाचं पान पाहिलेलं, तळहाताएवढं, जाड, खालून लव असलेलं. आणि इथे पायाखाली जी पानं पडलीत ती दोन बोटांत मावणारी, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चमकणारी. मला राहवलंच नाही. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "बाई, हा वड नाहीच."

बायका जागच्या जागी थांबल्या. "मेल्या, सणासुदीचं काय बोलतोस!" एक जण अंगावरच आली. तुम्ही मात्र थांबला नाहीत. दोरा सोडत सोडत माझ्यासमोरून गेलात आणि म्हणालात, "फेऱ्या मोजतेय मी, चुकवू नकोस. पायरीवर जाऊन बस." मी बसलो. सगळं उरकल्यावर तुम्ही आलात, वाणातला एक आंबा माझ्या हातात ठेवलात आणि हळू आवाजात, पण शाळेतल्याच सुरात बोललात, "वड नाही, हे सांगितलंस. मग कोण आहे? नुसतं नाही म्हणून घरी जाता येत नाही. पानं गोळा कर, खाली पडलेली फळं गोळा कर आणि वर ये."

वर म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर उकडलेले बटाटे निवत ठेवलेले, कढईत शेंगदाणे भाजले जातायत. तुम्ही नथ काढून फळीवर ठेवलीत, विळी ओढलीत आणि मी आणलेलं वाटाण्याएवढं फळ त्या पात्यावर मधोमध कापलंत. स्टीलच्या ताटलीत दोन अर्ध्या भागांतून काळ्या, चिलटाहून बारीक माश्या बाहेर आल्या आणि चालायला लागल्या. "अगं अगं, उपासाच्या विळीवर किडे कसले चिरतेस?" तुमच्या सासूबाई दारातून ओरडल्या. तुम्ही म्हणालात, "किडे नाही कापले, आई. घर कापलं त्यांचं. विळी धुते मी." मग मला सांगितलंत की हे नांदरूक. वडाचं भावंड, पिंपळाचं, उंबराचंही. आतून सगळ्यांचं बिऱ्हाड सारखंच दिसतं, पण प्रत्येकाची माशी वेगळी. नांदरुकाची माशी वडाच्या फळात शिरत नाही, शिरली तरी तिचा वंश तिथे वाढत नाही. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता तो अजून आठवला तरी येतो. आणि तेव्हाच मी तुम्हाला विचारलं, "मग तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

तुम्ही दाण्यांची सालं पाखडत होतात. पाखडणं न थांबवता म्हणालात, "त्यांनी विचारलं तर सांगेन की."

हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही. खरं सांगतो, मला तो पळपुटेपणा वाटला. वर्गात चुकीचं स्पेलिंग तुम्ही खपवून घ्यायचा नाहीत आणि इथे अख्खी कॉलनी नांदरुकाला वड म्हणत होती. मी मनाशी ठरवलं की आपण असं करायचं नाही. कुणी विचारो न विचारो, सांगायचं. त्यावर माझं अर्धं आयुष्य गेलंय, बाई. बागेतल्या पाट्यांवर झाडाचं नाव चुकलेलं दिसलं की मी ऑफिसात जाऊन सांगतो. कुणी कोळ्याला कीटक म्हणालं की पाय मोजायला लावतो. बायको म्हणते, "तुम्हाला जेवायला बोलावणारी माणसं कमी होत चाललीत, ती का ते एकदा मोजा."

दहावीनंतर वडिलांची कंपनी बंद पडली आणि मी आयटीआयला गेलो, फिटर झालो. सायन्सला जायचं होतं ते राहिलंच. तुमच्याकडे पेढे द्यायला आलो तेव्हा वाटलं होतं तुम्ही हळहळाल. तुम्ही कपाटातून तुमचं भिंग काढलंत, ते पितळी कडीचं, घडी होणारं, आणि माझ्या खिशात घातलंत. म्हणालात, "झाडं कॉलेजात राहत नाहीत, रे." एवढंच. ते भिंग आजही माझ्या गळ्यात असतं, काळ्या दोरीला. लोक विचारतात, सर, तुम्ही कुठल्या कॉलेजला प्रोफेसर? मी सांगतो, कुठल्याच नाही, मी फिटर आहे, आणि जे सांगतोय ते स्वतः वाचून, स्वतः पाहून सांगतोय. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ दे.

बोलायला सुरुवात झाली ती कोलशेतला. तिथल्या कंपनीत लागलो, आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडे खाडी. ओहोटी लागली की चिखलावर निवटे मासे चालायचे, डोळे वर काढून, पुढच्या परांवर रेटत. एक नांगी भली मोठी असलेले खेकडे ती हलवत बसायचे, जणू कुणाला तरी बोलावतायत. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथे बसायचो. सोबतचे आधी हसले, मग येऊन बसले, मग एका रविवारी बायकामुलांना घेऊन आले. तेव्हापासून चाललंय. कधी खाडी, कधी ठाण्यातला एखादा तलाव, कधी कल्याणला नदीकाठ. फोनवर आदल्या दिवशी कळवायचं, ज्याला यायचंय त्याने यावं, कुणाकडून काही घ्यायचं नाही. दोन नियम तुमचेच. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी आलंच पाहिजे, पान, शिंपला, कात, काहीही. आजोबांच्या हातात आणि नातवाच्या हातात एकच पान असलं की दोघं भांडतात, आणि भांडणातूनच ते नीट बघायला लागतात.

आता आपल्या झाडाचं. आपली कॉलनी रिडेव्हलपमेंटला जातेय, बाई. जायलाच हवी, मी त्याविरुद्ध नाही. आमच्या बेडरूमच्या छताचा तुकडा पडून पंख्याचं पातं वाकलंय, आणि आमच्या सेक्रेटरींच्या आईला तिसरा मजला चढता येत नाही म्हणून त्या बिचाऱ्या दोन-दोन महिने खाली उतरत नाहीत. प्रश्न फक्त झाडाचा होता. बिल्डरच्या नकाशात नवीन फाटक आणि पार्किंगची उतरण बरोबर झाडावर आली होती. तळमजल्यावरच्या आजी, तुमच्याबरोबर फेऱ्या मारायच्या त्याच, आता काठी टेकत चालतात, त्यांनी बायकांना गोळा केलं आणि वड तोडू देणार नाही म्हणून सांगितलं. बिल्डरचा माणूस नरमला. म्हणाला, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, फाटक दुसरीकडे घेता येईल का ते बघू. म्हणजे सगळं जुळत आलं होतं.

आणि मग आजी माझ्याकडे आल्या. "तू दर रविवारी कुठे कुठे जाऊन सांगत असतोस ना? या रविवारी आपल्या वडाखाली सांग. संध्याकाळी मीटिंग आहे, त्याआधी सगळ्यांना पटू दे."

"सांगतो. पण आजी, तो वड नाही."

जिन्यात उभे होतो आम्ही. वरून सेक्रेटरी उतरत होते. ते थांबले. "काय म्हणालात? वड नाही?"

"नांदरूक आहे."

"अहो मग प्रश्नच मिटला!" त्यांचा चेहरा खरंच उजळला. वाईट माणूस नाही तो, आईला लिफ्ट मिळावी एवढंच त्याच्या डोक्यात. "तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर मग कोण काय बोलणार? बायकांना दुसरा वड दाखवू आपण, देवळामागे आहे की मोठा."

आजींनी माझ्याकडे पाहिलं ते पाहणं मी तुम्हाला कसं सांगू? रात्री घरी बायको ताटं वाढता वाढता म्हणाली, "एक रविवार वड म्हणालात तर आभाळ कोसळणार आहे का? झाड वाचतंय ना?" मी म्हणालो, खोट्या नावावर वाचलेलं झाड पुढच्या वर्षी कुणीतरी खऱ्या नावाने तोडेल. तिने भाजी जरा जोरातच वाढली. तेव्हा माझा राग तिच्यावर नव्हता, तुमच्यावर होता. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर एव्हाना कॉलनी त्याला नांदरूक म्हणून ओळखत असती आणि आज माझ्यावर ही वेळ आली नसती. हे मी अजूनही म्हणतो. तुमचं चुकलंच, बाई.

शनिवारी कामावरून येताना मी मुद्दाम खोपटला उतरलो. एसटी डेपोजवळच्या वडाखालची पडलेली पानं वेचली, कंडक्टर बघत राहिले. रविवारी सकाळी नेहमीची कुटुंबं आली, कल्याणहून दोन-तीन गाड्या भरून आली, आणि कॉलनी तर जवळजवळ सगळीच खाली उतरलेली. सेक्रेटरी हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे. आजींना खुर्ची दिली. मी प्रत्येकाच्या एका हातात खोपटचं पान दिलं आणि दुसऱ्या हातासाठी सांगितलं, खाली वाका, इथलं उचला. मग काही बोललोच नाही. दोन मिनिटांत एक मुलगी म्हणाली, "काका, ही सेम नाहीयेत." तिची आई म्हणाली, "अगं, लहान-मोठी असतात." मुलगी म्हणाली, "लहान-मोठी नाही गं, वेगळीच आहेत. हे खालून बघ, गुळगुळीत आहे." मग सगळीकडे ते सुरू झालं, पानं उलटायची, बोटं फिरवायची, शेजाऱ्याचं हिसकावून बघायचं. शेवटी मी सांगितलं. हा वड नाही.

गलका झाला. त्यात आजींचा आवाज वर आला, "मग इतकी वर्षं मी फेऱ्या कुणाला मारल्या?"

"यालाच मारल्यात, आजी. दुसऱ्या कुणाला नाही."

मी नांदरूक हे नाव सांगितलं, मग खिशातून चाकू काढला, विळी काही आणली नव्हती, आणि ताटलीत फळ कापलं. तुमचं भिंग हातोहात फिरलं. सेक्रेटरींनीही वाकून पाहिलं आणि "च्यायला, चालतायत!" म्हणाले, मग बायकांकडे बघून ओशाळले. मी सांगितलं की ही माशी या झाडाशिवाय जगत नाही आणि हे झाड तिच्याशिवाय बी धरत नाही. उन्हाळ्यात बाकी सगळं सुकलं की तांबट, कोकीळ, बुलबुल यांचं पोट हेच झाड भरतं. आणि देवळामागचा वड उत्तम आहे, पण तो या माशीच्या काहीच उपयोगाचा नाही. "म्हणजे तिला पत्ता बदलून चालत नाही," कुणीतरी मागून म्हणालं. मी म्हणालो, "नाही चालत."

मला वाटलं, जमलं. बाई, तेव्हाच आजींनी काठी जमिनीवर आपटली आणि विचारलं, "तुझ्या त्या बाई माझ्या पुढे-मागे चालायच्या. जीवशास्त्र शिकवायच्या ना त्या? त्यांना माहीत नव्हतं हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माहीत होतं म्हणालो असतो तर काय झालं असतं ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. एवढी शिकलेली बाई, सगळं माहीत असून आम्हाला फिरवत ठेवलं, असं कुणीतरी म्हणणार, मग बोलणं झाडावरून तुमच्यावर जाणार, आणि संध्याकाळी मीटिंगला निम्म्या बायका येणारच नाहीत. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं मला वाटतं. मी म्हणालो, "नसावं माहीत. तेव्हा एवढी पुस्तकं कुठे होती."

"हो का," आजी म्हणाल्या. "मला वाटायचं तिला सगळं माहीत असतं." आणि त्यांचा चेहरा जरा उतरला.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "नाव पुन्हा सांग. नीट सांग. मला संध्याकाळी बोलायचंय." नांदरूक, मी म्हणालो. त्या ओठांतल्या ओठांत म्हणत राहिल्या, जप करावा तसं.

संध्याकाळी मीटिंगला त्या पुढच्या रांगेत बसल्या. सेक्रेटरींनी विषय काढला, वड नाही हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय, तेव्हा… आजी उठल्या. "वड नाही, नांदरूक आहे. तरी तोडायचं नाही."

"आजी, पण तुम्हालाच आज सकाळी कळलं…"

"सकाळी नाव कळलं. झाड माझ्या लग्नापासून ओळखीचं आहे. तुझ्या आईलाही विचार, ती यायची फेऱ्यांना." हशा झाला. सेक्रेटरीही हसले, पण मान खाली घालून. झाड ठेवायचा ठराव थोडक्या मतांनी पास झाला, एवढंच. फाटक मागच्या अंगाला घेऊन नवीन नकाशा दाखवला तरच सह्या, असं ठरलं. बिल्डरच्या माणसाने "बघतो" म्हटलंय. बघतो म्हणजे काय ते मला कळतं, म्हणून नकाशा हातात पडेपर्यंत माझे सगळे रविवार इथेच, या झाडाखाली. खाडी कुठे पळून जात नाही. बायको म्हणाली, "मी चहा करीन सगळ्यांना," आणि हा तिचा समेट आहे हे मी ओळखलं.

कालच वटपौर्णिमा झाली. काही जणी देवळामागच्या वडाला गेल्या, त्यांचं बरोबर आहे. पण बऱ्याच जणी इथे आल्या, नांदरुकाला आल्या, आणि आजी खुर्चीत बसून रिळाचं टोक धरून होत्या, फेऱ्या सुनेने मारल्या. मी गॅलरीतून बघत होतो. तुमच्या खिडकीत आता दुसऱ्यांचे कपडे वाळतात, आणि ती बिल्डिंग लवकरच पडेल. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते म्हणून मला सुचत नाही. घडी करून भिंगाच्या डबीखाली ठेवीन.

येत्या रविवारी आजींना खरं काय ते सांगायचंय, आणि सांगीन, सगळ्यांसमोर, त्या रागावल्या तरी. तुम्हाला बोल लागेल, तो तुम्ही सोसा. पण त्याआधी तुमच्याजवळ हे कबूल करायला हवं. मी विचार करून, झाडासाठी म्हणून ते बोललो असं वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. विचार मागून आला. तोंडातून "नसावं" आधीच गेलं होतं, कारण कुणी तुम्हाला नावं ठेवलेली मला ऐकवली नसती. तुम्ही म्हणाला होतात, त्यांनी विचारलं तर सांगेन. त्यांनी विचारलं, बाई. आणि तेव्हा नेमका मी खोटं बोललो.